नोंद क्रमांक १९१४, तिच्या आधी आणि नंतर

स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचा म्हणजे आधी इमारतीची साले, मग मुख्याध्यापकांची यादी आणि शेवटी कलेक्टर-डॉक्टर झालेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे, असा एक साचा ठरून गेला आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलविषयी लिहिताना तो मला जमणार नाही, कारण मी शिक्षक नव्हतो. सातारा जिल्ह्यातल्याच एका दुसऱ्या हायस्कुलात मी एकतीस वर्षे लिपिक होतो. शिक्षकांना शाळा फळ्यापासून दिसते, मला ती कपाटापासून दिसली. आणि शाळेच्या कपाटातली सगळ्यात जुनी, जड आणि कुलपात राहणारी वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर.

ज्यांनी ते कधी उघडलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलभर पसरेल एवढे रुंद पान. डाव्या कडेला अनुक्रमांक, तोच विद्यार्थ्याचा जन्मभराचा ‘रजिस्टर नंबर’. मग पूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल तारीख, इयत्ता. उजव्या पानावर अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचे कारण, शेरा. खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती करायची तर वरिष्ठांचा आदेश घेऊन लाल शाईने. या पानावर एखाद्या गावाची, शहराची माणसे ज्या क्रमाने शाळेत आली त्या क्रमाने उभी असतात. कोण आधी आले, कोण उशिरा आले, कोण मधूनच गेले, हे कुठल्याही गौरवग्रंथापेक्षा इथे स्वच्छ दिसते.

प्रतापसिंह हायस्कूलच्या अशाच एका जुन्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे, म्हणजे पुढचे बाबासाहेब. तारीख ७ नोव्हेंबर १९००. इयत्ता पहिली इंग्रजी. आजच्या हिशेबाने ही साधारण पाचवी, कारण त्या काळी मराठी चार यत्ता झाल्यावर इंग्रजी शाळा सुरू होई आणि सातव्या इंग्रजीला मॅट्रिक. नोंदीपुढे मुलाची सही आहे. नऊ वर्षांच्या मुलाची सही जशी असावी तशीच ती आहे.

आता ही शाळा ज्या वाड्यात भरू लागली त्या वाड्याविषयी थोडे, कारण तो टाळून या शाळेचा इतिहास होत नाही. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळात, १८२४ च्या सुमारास उभा राहिला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८३९ मध्ये त्यांनीच कटाचा ठपका ठेवून त्यांना उतरवून काशीला धाडले. तिथेच १८४७ मध्ये ते वारले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची कैफियत घेऊन लंडनला जाऊन बसले, वर्षानुवर्षे तिथे राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. पुढे १८४८ मध्ये धाकटे बंधू शहाजी महाराज गेले, त्यांचे दत्तकविधान डलहौसीने मानले नाही, आणि राज्य खालसा झाले. राज्य गेले की वाड्यांना कचेऱ्या येतात, तसे झाले. सरकारी हायस्कूल या वाड्यात भरू लागले. ज्या राजाला सरकारने घालवले त्याच्याच वाड्यात सरकारची शाळा, आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये त्याच राजाचे नाव त्या शाळेला! साताऱ्याला अशा गोष्टींचे फारसे नवल वाटत नाही.

शाळा सरकारी होती, म्हणजे कागदावर सर्वांना खुली होती. या ‘कागदावर’ला एक इतिहास आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने तेव्हा कच खाल्ली, पण प्रकरण वरपर्यंत गेले, आणि सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळा जात न पाहता सर्वांना खुल्या राहतील असे १८५८ मध्ये धोरण म्हणून जाहीर झाले. त्या अर्जदार मुलाचा पुढे फायदा झाला नाही. शाळांची दारे मात्र त्याच्या अर्जामुळे तत्त्वतः उघडली.

उघडलेल्या दारातून आत कोण आले? हंटर आयोगाच्या वेळची, १८८१-८२ सालची मुंबई इलाख्याची आकडेवारी आहे. प्राथमिक शाळांत तेव्हा अस्पृश्य जातींची मुले होती २,८६२, म्हणजे शंभरात एकही नाही. मधल्या शाळांत, म्हणजे हायस्कुलाच्या आधीच्या पायरीवर, सगळ्या इलाख्यात मिळून १७. हायस्कुलात एकही नाही. हायस्कुलातल्या मुलांत ब्राह्मण ४०.२९ टक्के होते. शेतकरी जातींची मुले हायस्कुलाच्या पटावर शोधावी लागत. याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिले होते. त्यांचे मूळ घराणे याच जिल्ह्यातल्या कटगुणचे. रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेच्या पोरांना साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावचे हायस्कूल म्हणजे वकील, कारकून, मामलेदार, इनामदार यांच्या मुलांचे हायस्कूल, हे वरच्या आकड्यांवरूनच ओळखता येते.

ही आकडेवारी मी हंटर आयोगाच्या मूळ अहवालातून उचललेली नाही. ती मला भेटली ती २९ मे १९२८ च्या एका निवेदनात. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या त्या निवेदनात मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाचा हिशेब मांडला आहे, आणि मांडणारा आहे आपल्या रजिस्टरमधला क्रमांक १९१४. धारवाडच्या त्या मुलाचा अर्जही मी त्याच निवेदनात वाचला. शाळेचा पट कोणत्या जातींचा, कुठल्या यत्तेपर्यंत कोण टिकते, पैसा कुणावर खर्च होतो, हे सारे या माजी विद्यार्थ्याने एखाद्या चोख हेडक्लार्कसारखे ओळीने लावले आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९२७ मध्ये, मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात ती अठराच. उरलेली ब्याऐंशी शिकलेले विसरून पुन्हा निरक्षर होतात. ज्याने जनरल रजिस्टरचे उजवे पान भरले आहे त्याला हा आकडा कळायला वेळ लागत नाही.

भिवा शाळेत दाखल झाला तो काळ फार वाईट होता. १८९९-१९०० चा, छप्पन्नचा दुष्काळ. प्लेगची साथ तर आधीपासूनच होती. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातल्या शाळेत हेडमास्तर होते, निवृत्तीनंतर दापोली करून साताऱ्यात आले. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. रामजींना दुष्काळी कामावर, खटाव तालुक्यात गोरेगावच्या तलावाच्या खोदाईवर खजिनदाराची नोकरी होती. १९०१ च्या उन्हाळ्यात मुले वडिलांना भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली, आणि जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर. नवे कपडे घालून हौसेने निघालेली हायस्कुलातली मुले होती ती.

हा प्रवास बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिला, आणि त्याच आठवणींत साताऱ्याच्या शाळेतली वर्षेही आहेत. बसायला गोणपाटाचा तुकडा, तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावणार नाही. जागा कोपऱ्यात, वर्गातल्या क्रमांकाशी तिचा संबंध नाही. तहान लागली तर नळ होता, पण तो शिपायाने उघडायचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. शाळेत नेमणुकीवर असलेला शिपाई हा सगळ्या कारभारातला सर्वांत खालचा नोकर, पण एका मुलाची तहान त्याच्या हजेरीवर अवलंबून होती. मी ऑफिसात बसून शिपायांच्या रजा मंजुरीला पाठवायचो, तेव्हा ही गोष्ट वाचल्यापासून माझा हात क्षणभर थांबत असे.

हे शाळेच्या स्मरणिकेत लिहावे का, असे मला एकाने विचारले. लिहावेच. कृष्णाजी केशव आंबेडकर मास्तरांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, ती सांगायची तर गोणपाटाचीही सांगावी लागते, नाहीतर मास्तरांच्या घासाला चव येत नाही. मधल्या सुट्टीत मुलाला लांब घरी जावे लागू नये म्हणून मास्तर आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी त्याला देत. चरित्रकार धनंजय कीर लिहितात त्याप्रमाणे ती वरून हातावर टाकली जाई. प्रेम आणि विटाळ एकाच घासात. १९३० मध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या मास्तरांनी त्यांना पत्र लिहिले, आणि त्या पत्राचे बाबासाहेबांना फार मोल होते. आडनावाची कथाही याच मास्तरांची. कोकणातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे मूळ गाव, त्यावरून आंबडवेकर, आणि मास्तरांनी ते शाळेच्या दप्तरी आपल्यासारखे ‘आंबेडकर’ केले असे सांगतात. यावर वाद घालणारे घालतात. लिपिक म्हणून मी एवढेच म्हणेन की नोंदीत आडनाव ‘आंबेडकर’ आहे, आणि जगाने पुढे तेच वापरले. दप्तरात एकदा लिहिलेले नाव माणसाला किती चिकटते हे सांगायला मी आयुष्य घालवले आहे.

दुसरे पेंडसे मास्तर. एका पावसाळी दिवशी मुलगा नखशिखांत भिजून आला. मास्तरांनी त्याला आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने अंघोळ करवली, नेसायला लंगोटी दिली, आणि मग तसेच वर्गात बसवले. मुलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मास्तरांचा हेतू चांगला होता, पण उघडे बसण्याची शरम मुलाच्याच वाट्याला आली. शाळेतल्या दयेचे असे बरेचदा होते.

आणि अभ्यास? इथे आपण सगळेच थोडे चाचरतो. क्रमांक १९१४ साताऱ्यात वर्गात पहिला होता असे कुणी सांगत असेल तर ते भक्तीने सांगतो. बागकाम, गुरे राखणे, उनाडक्या यांत मन जास्त होते. साताऱ्याची पोरे मुंबईला गिरणीत लागतात हे ऐकून आपणही जावे म्हणून भाड्याच्या पैशासाठी आत्याच्या कंबरेचा बटवा लांबवायचा त्याने बेत केला. तीन रात्री साधले नाही, चौथ्या रात्री बटवा हाती आला तर आत निघाला अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई येत नाही. त्याच रात्री ठरले की आता अभ्यासच करायचा, असे त्यांनीच पुढे सांगितले. त्या बटव्यात दोन रुपये असते तर काय झाले असते, हा विचार मला रजिस्टर पाहताना अनेकदा आला आहे. आपल्या रजिस्टरांत अशी किती मुले असतील ज्यांना बटव्यात पुरेसे पैसे सापडले!

१९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेले, आणि साताऱ्याच्या शाळेशी त्याचा संबंध संपला. १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून तो मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या गुणपत्रिकेच्या भाषेत ३७.६० टक्के. आजच्या दहावीच्या निकालात हा मुलगा पस्तीसच्या काठावरून जेमतेम पार झालेला, त्याच्या नावाचा फ्लेक्स कुणी लावणार नाही. १९०७ मध्ये मात्र त्याचा सत्कार झाला. सी. के. बोले अध्यक्ष होते, कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी आपले बुद्धचरित्र त्याला दिले. सभा भरवणाऱ्यांना २८२ या आकड्याचा अर्थ नीट कळला होता. तो आकडा कुठून निघून कुठे पोचला हे त्यांनी मोजले होते. आपण फक्त कुठे पोचला तेवढेच मोजतो.

यानंतरच्या काळात साताऱ्यात शाळांचा नकाशाच बदलला, आणि सरकारी हायस्कुलाच्या पटाचा रंगही. १८९९ मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालेच होते, शहरातल्या पांढरपेशा घरांना आणखी एक वाट मिळाली होती. पण खरा फरक पाडला तो भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली आणि सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. सरकारने दार उघडे ठेवून सत्तर वर्षे वाट पाहिली होती. भाऊरावांनी ओळखले की खेड्यातल्या पोराला दारापर्यंत यायचे तर आधी दोन वेळची भाकरी आणि अंग टाकायला जागा लागते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले हे साताऱ्यात कुणाला सांगायला नको. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, आणि श्रम करून शिकायची पद्धत हायस्कुलापर्यंत गेली. पुढे खेडोपाडी रयतेच्या शाखा निघाल्या आणि पोराला साताऱ्याला यायचीच गरज उरली नाही.

त्यामुळे झाले काय, की एकेकाळी जिल्ह्याच्या साऱ्या हुशार मुलांना जिथे यावेच लागे ती सरकारी शाळा अनेक शाळांतली एक झाली. हे नुकसान म्हणून सांगण्याची रीत आहे. मला ते नुकसान वाटत नाही. जिल्ह्याला एकच हायस्कूल असणे ही त्या हायस्कुलाची प्रतिष्ठा आणि जिल्ह्याची गरिबी होती.

स्वातंत्र्यानंतरचे बदल मी भरभर सांगतो, कारण ते सर्वच शाळांचे आहेत. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून निघून एस.एस.सी. मंडळाकडे आली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेली. अकरावीची एस.एस.सी. जाऊन १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आले, म्हणजे भिवाच्या वेळी ज्या विषयासाठी वेगळी शाळा लागे तो सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात गेला.

रजिस्टरमध्ये मात्र याहून वेगळे बदल दिसतात. माझ्या शाळेचे सांगतो, पण कुठल्याही जुन्या शाळेचे पान उघडा, हेच दिसेल. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत ‘हिंदू महार’ अशा नोंदी, आणि मग ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर त्याच वस्तीतल्या, कधी त्याच घरातल्या धाकट्या भावापुढे ‘बौद्ध’. काही बापांनी मुद्दाम जुनीच नोंद ठेवली, कारण धर्म बदलला तर फीची सवलत आणि शिष्यवृत्ती जाईल ही भीती. महाराष्ट्राने १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने द्यायला १९९० उजाडले. या तीस वर्षांत जातीच्या रकान्यात काय लिहायचे हा प्रश्न बापाने माझ्याआधीच्या लिपिकाला विचारला, आणि नंतर मला. भाऊसाहेब, तुम्हीच सांगा. सांगणार काय? मी तहसीलचा दाखला मागायचो.

साठच्या दशकात आर्थिक मागासांसाठीची ई.बी.सी. सवलत आली. वार्षिक उत्पन्न बाराशेच्या आत असेल तर फी माफ. माझ्याआधीच्या रजिस्टरांत त्या वर्षांपासून नोंदी एकाएकी दाट होतात, पान लवकर संपते. आडनावे बदलतात, जन्मस्थळाच्या रकान्यात वाड्या-वस्त्यांची नावे येतात. मग मुलींची नावे वाढतात, आणि एस.टी.चा मोफत पास मिळू लागल्यावर तर लांबच्या गावांच्या मुली आठवीनंतरही टिकलेल्या दिसतात. कुठल्याही शैक्षणिक धोरणाचा परिणाम मोजायला मला कधी अहवाल लागला नाही. एक पान संपायला किती महिने लागले एवढे पाहिले की कळे.

नव्वदीनंतर पान संपायला पुन्हा उशीर लागू लागला. ज्यांची ऐपत झाली ते इंग्रजी माध्यमाकडे गेले, आणि यात मी कुणाला दोष देत नाही, कारण माझी मुलगीही गेली. जिल्हा परिषदेच्या शहरी शाळांत मग उरली ती रोजंदारीवरची, हातगाडीवाल्यांची, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची, बाहेरच्या जिल्ह्यांतून कामाला आलेल्यांची मुले. शंभर वर्षांपूर्वी ज्या रजिस्टरमध्ये एका महार मुलाचे नाव वेगळे उठून दिसे, त्याच प्रकारच्या रजिस्टरात आता वकिलाचे किंवा मामलेदाराचे पोर शोधावे लागते. पट उलटा झाला.

आणि नेमके याच काळात शाळा टक्क्यांवर तोलली जाऊ लागली. राज्याचा दहावीचा निकाल २०२० मध्ये ९५.३० टक्के होता. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५. २०२४ मध्ये ९५.८१, २०२५ मध्ये ९४.१०. या आकड्यांत एका शाळेचा आकडा ठेवून ती वर की खाली हे ठरवतात. दहावीला वीसच मुले असतील तर एक नापास झाला की शाळेचा निकाल पाच टक्क्यांनी खाली येतो. तो एक कोण, त्याची आई परीक्षेच्या आठवड्यात दवाखान्यात होती का, तो पहाटे पेपर टाकून यायचा का, हे टक्क्यात मावत नाही. म्हणून काही ठिकाणी त्या एकाला आधीच ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवले जाते. बाहेरून परीक्षा दिली की शाळेचा आकडा स्वच्छ. हे सगळ्या शाळांत होते असे मी म्हणणार नाही, पण ऑफिसात बसलेल्याला हा फॉर्म कशासाठी मागितला जातो ते समजते.

जुन्या रजिस्टरला अलीकडे अनपेक्षित मान आला आहे. जात पडताळणीला जुनी शालेय नोंद लागते. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीची, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निवृत्त झालेल्या मला माझ्या शाळेने बोलावून घेतले, कारण कुठले रजिस्टर कुठल्या फळीवर ते मलाच ठाऊक होते. मोडी वाचणारा एक तरुण आला होता. तीन दिवस आम्ही धूळ खात बसलो. एक म्हातारे गृहस्थ आजोबांची नोंद शोधायला आले. नोंद सापडली, पण रकान्यात त्यांना हवी ती जात नव्हती. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “जाऊ द्या. पण आजा शाळेत गेला होता हे आम्हाला घरात कुणाला माहीतच नव्हतं.” मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी त्या ओळीचा फोटो घेतला.

प्रतापसिंह हायस्कूलचे १९१४ नंबरचे पान आता जपून ठेवलेले आहे. साताऱ्यातले कार्यकर्ते बरीच वर्षे ७ नोव्हेंबरला शाळा प्रवेश दिन साजरा करत होते. २०१७ मध्ये राज्य शासनाने तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला आणि राज्यातल्या शाळा-कॉलेजांत त्या दिवशी निबंध, व्याख्याने होऊ लागली. चांगले आहे. माझे म्हणणे एवढेच की त्या एका ओळीपुढे नतमस्तक होताना तिच्या वरच्या आणि खालच्या ओळीही वाचाव्यात. १९१३ वा कोण होता, १९१५ वा कोण होता, त्या पानावरून किती जण मॅट्रिकपर्यंत गेले. स्मरणिका काढायची तर तशी एक यादी करायला हरकत नाही. फोटोंवर जातो त्याहून कमी खर्च येईल.

उजव्या पानावरच्या ‘अभ्यासातील प्रगती’ या रकान्याविषयी सांगायचे राहिले. दाखला देताना तिथे काहीतरी लिहावे लागते. मी एकतीस वर्षे ‘चांगली’ लिहिले. हुशाराला चांगली, ढकलपास झालेल्याला चांगली, नापास होऊन शाळा सोडणाऱ्यालाही चांगली. माझ्या गुरूने, म्हणजे माझ्याआधीच्या हेडक्लार्कने, पहिल्याच दिवशी बजावले होते की दाखला पुढच्या दारात दाखवायचा असतो, तिथे पोराची वाट अडवायची नाही. शेजारच्या ‘वर्तणूक’ रकान्यातही तेच. कारणाच्या रकान्यात बहुधा ‘पुढील शिक्षणासाठी’ किंवा ‘पालकांची बदली’.

ही ‘पालकांची बदली’ मी एका मुलीपुढे दोनदा लिहिली. बीडकडचे ऊसतोडणीचे कुटुंब. दिवाळीनंतर कारखान्याच्या अड्ड्यावर यायचे, चैत्राच्या सुमारास पट्टा पडला की परत. मुलगी आठवीला नोव्हेंबरात दाखल झाली, मार्चअखेर गेली, दाखला नेला. पुढच्या वर्षी नववीला पुन्हा आली, पुन्हा नवा नंबर, पुन्हा मार्चात दाखला. तिची गणिताची वही आमच्या सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवली होती. तिसऱ्या वर्षी ती डिसेंबरात आली, दहावीला बसायचे म्हणाली, नाव घातले. जानेवारीत यायची बंद झाली. कुटुंब दुसऱ्या अड्ड्यावर गेले असे कळले, कुठल्या ते कळले नाही. दाखला मागायला कुणी आले नाही, त्यामुळे उजवे पान भरायचा प्रश्नच आला नाही. प्रगती, वर्तणूक, तारीख, कारण, सगळे रकाने कोरे. मी निवृत्त झालो तेव्हा चार्ज देताना नव्या लिपिकाला ती ओळ दाखवली आणि पेन्सिलने कडेला बारीक टीप केली, की मुलगी आली तर हाच नंबर चालवावा, नवा देऊ नये.